गव्हात दिसलेला खंदक

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. नोकरी भारतीय सेनेच्या तोफखान्यात झाली आणि निवृत्तीनंतर महूला स्थायिक झालो. इतिहासाचा मी प्राध्यापक नाही. माझी पदवी एनडीएत मिळालेली, तीही विज्ञानाची. तरी आज मी सात-आठ हजार वर्षांपूर्वीच्या खंदकांबद्दल बोलणार आहे. त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून होते, म्हणून आधी ती कबूल करतो.

साल १९८८. मी कॅप्टन होतो आणि हेलिकॉप्टर चालवत होतो. दोनच वर्षांपूर्वी, १९८६ मध्ये, आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली होती. त्याआधी हे काम तोफखान्याचेच अधिकारी करायचे. वरून बघायचं, गोळा कुठे पडला ते सांगायचं, जमिनीवर नवीन काय दिसतं ते कळवायचं. मार्च संपत आला होता. पंजाबमध्ये, सीमेपासून थोडं आत, सकाळी लवकर उड्डाण होतं. गहू पिवळा पडायला लागला होता आणि त्या पिवळ्या शेतात मला एक हिरवी नागमोडी रेघ दिसली. खंदक जसा कोन मारत मारत खणतात, अगदी तशीच. आठवडाभरापूर्वी त्याच बाजूने गेलो होतो, तेव्हा तिथे काही नव्हतं.

मी वायरलेसवर कळवून टाकलं, "नवीन खोदकाम, वरून हिरवं आच्छादन." तरुण होतो, छाती फुगली होती. खालून एक सुभेदार साहेब चार जवान घेऊन त्या शेतात गेले. खोदकाम नव्हतं, आच्छादन नव्हतं, नुसता गहू होता. बांधावर एक वयस्कर सरदारजी बसले होते. ते हसून म्हणाले, "साहबजी, ये तो इकहत्तर का मोर्चा है. बहत्तर में हमने मिट्टी भर दी थी. इस लकीर का गेहूँ हर साल देर से पकता है."

संध्याकाळी आमच्या सीओंनी बोलावलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू जे पाहिलंस ते बरोबर होतं. तू त्याचा जो अर्थ लावलास तो सोळा वर्षांनी चुकला." मेसमध्ये पुढचे दोन महिने मला 'गहू कॅप्टन' म्हणत होते.

त्या हिरव्या रेघेला काय म्हणतात ते मला निवृत्तीनंतर कळलं. तिला म्हणतात क्रॉपमार्क. आपण पिकातली खूण म्हणू.

ही खूण उठते कशी? तुमच्यापैकी ज्यांचं शेत आहे त्यांना सांगायची गरजच नाही. आमच्या गावी माळाला एक तुकडा होता, वीतभर माती आणि खाली मुरूम. त्यात एका जागी ज्वारी दरवर्षी पुरुषभर उंच यायची, बाकीची कमरेला. आजोबा सांगायचे, तिथे जुनी विहीर होती, ती बुजवली. झालं, सगळं शास्त्र यात आलं. कठीण थर फोडून एकदा चर खणला की तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तो हळूहळू भुसभुशीत मातीने, पालापाचोळ्याने, गाळाने भरतो. वरून नांगर फिरला की जमीन सपाट होते, चालणाऱ्याला काही कळत नाही. पण पिकाच्या मुळांना कळतं. चरावर माती खोल असते, ओल जास्त दिवस टिकते. मग तिथलं पीक उंच वाढतं आणि उशिरा पिवळं पडतं. उलट खाली दगडी भिंतीचा पाया असेल तर तिथलं पीक खुरटतं आणि लवकर वाळतं. पावसाने साथ दिली तर फरक दिसतच नाही, कारण सगळ्यांनाच पाणी मिळतं. पाण्याचा ताण पडला की मगच फरक उघडा पडतो. म्हणून पिकातल्या खुणा चांगल्या दिसतात त्या कोरड्या वर्षी, आणि त्यातही मोजकेच दिवस.

हे माणसाच्या लक्षात आलं ते विमानाच्या कितीतरी आधी. विल्यम कॅम्डेन नावाच्या इंग्रज विद्वानाने चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की रिचबरोच्या जुन्या रोमन वस्तीच्या जागी पेरलेलं धान्य काही रेघांवर विरळ उगवतं आणि त्या रेघा एकमेकींना छेदतात. त्या रेघा म्हणजे गाडले गेलेले रस्ते होते. गावकरी त्याला एका संताचा क्रूस म्हणत. पण जमिनीवर उभं राहून दोन-चार रेघा दिसतात, आकृती दिसत नाही. रांगोळीवर बसलेल्या मुंगीला रांगोळी दिसेल का? तसंच आहे ते. त्यासाठी वर जावं लागतं.

आणि वर गेलं कोण? सैनिक. ही माझ्या आवडीची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९०६ साली ब्रिटिश सैन्याच्या इंजिनिअर दलातल्या एका लेफ्टनंटने बलूनमधून स्टोनहेंजचे फोटो काढले. इंग्लंडमधल्या प्राचीन वास्तूचे ते पहिले हवाई फोटो. पुढे पहिलं महायुद्ध आलं. ओ. जी. एस. क्रॉफर्ड नावाचा एक भूगोलाचा अभ्यासक विमानातला निरीक्षक झाला. वरून शत्रूचे खंदक बघायचे, नकाशावर टिपायचे, हे त्याचं काम. युद्ध संपल्यावर तो ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा खात्यात पहिला पुरातत्त्व अधिकारी झाला. हवाई दलाने सरावासाठी काढलेले फोटो तो चाळत बसायचा. त्यातच १९२३ साली त्याला स्टोनहेंजकडे येणाऱ्या प्राचीन मार्गाचा हरवलेला तुकडा सापडला. जमिनीवर तो पार पुसला गेला होता. क्रॉफर्डने जाऊन तिथे खणून पाहिलं आणि कडेचे चर फोटोत होते तिथेच निघाले.

दुसरा माणूस स्क्वाड्रन लीडर गिल्बर्ट इन्सॉल. महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला वैमानिक. पुढे जर्मनांच्या कैदेत सापडला आणि तिथून निसटून परतही आला. १९२५ च्या डिसेंबरात स्टोनहेंजपासून साधारण तीन किलोमीटरवर उडताना त्याला नांगरलेल्या रानात एक गोल दिसला, आणि गोलाच्या आत पांढरे ठिपके. तो घाई करत नाही. (माझ्यासारखा लगेच वायरलेस उचलत नाही!) पुढच्या उन्हाळ्यात गहू वाढल्यावर पुन्हा जातो. आता गव्हात ठिपक्यांची वर्तुळं उठली आहेत, एकात एक. त्याने फोटो काढले. मॉड आणि बेन कनिंग्टन या दांपत्याने खणलं, आणि खाली निघाले खांबांचे खड्डे, सहा रिंगणांत. साडेचार हजार वर्षांच्या आसपासची लाकडी खांबांची वास्तू. लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं, पण प्रत्येक खांबाच्या खड्ड्यावर गव्हाचं एकेक हिरवं टिपकं राहिलं होतं. स्टोनहेंजला जोड म्हणून तिला नाव मिळालं वुडहेंज.

आता मी तुम्हाला इटलीत नेतो, कारण तिथे आपलाही संबंध येतो.

इटलीचा नकाशा बुटासारखा आहे. त्या बुटाच्या टाचेच्या वरच्या अंगाला फोजिया नावाचं शहर आहे आणि त्याच्या भोवती ताव्होलिएरे नावाचं मोठं सपाट मैदान. पाऊस बेताचा, पीक गव्हाचं. मातीचा थर पातळ आणि त्याखाली चुनखडीचं कठीण कवच. पिकातल्या खुणांसाठी याहून चांगली जमीन मागून मिळणार नाही. १९४३ च्या सप्टेंबरअखेर हा भाग दोस्तांच्या हाती आला आणि फोजियाच्या आसपासचे विमानतळ कामाला लागले. तिथे ब्रिटिशांच्या फोटो वाचणाऱ्या विभागात दोन अधिकारी होते, जॉन ब्रॅडफर्ड आणि पीटर विल्यम्स-हंट. काम शत्रू शोधण्याचं, पण दोघांनाही पुरातत्त्वाचं वेड. १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपत आलं, संपलं. विमानं होती, कॅमेरे होते, आणि खाली गहू पिकत होता. त्यांनी ताव्होलिएरेचे फोटो काढले आणि गव्हात गावंच्या गावं उभी राहिली. चरांनी वेढलेली गोल, लंबगोल आवारं, काहींना दोन-दोन, तीन-तीन चर. आणि त्या मोठ्या आवारांच्या आत इंग्रजी सी अक्षरासारखे लहान चर, एकेका घराच्या अंगणाभोवती असावेत तसे. अशी दोनशेहून जास्त आवारं त्यांनी नोंदवली. काळ नवाश्मयुगाचा, म्हणजे इसवीसनपूर्व सहाव्या सहस्रकाच्या आसपासचा. दक्षिण इटलीत शेती नुकतीच आली होती, तेव्हाच्या शेतकऱ्यांची ही गावं. युद्धाआधी तिथल्या अशा जागांची माहिती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यातल्या पासो दि कोर्व्हो या मोठ्या गावाचं पुढे उत्खननही झालं.

आता आपला संबंध. आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतो बंदरात उतरली आणि ॲड्रियाटिक किनाऱ्याच्या बाजूने उत्तरेकडे सरकली. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना पुढे इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, हे आपल्याला ठाऊक आहे. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, त्याच पहिल्या बटालियनमध्ये साधे शिपाई होते. ते जिवंत परत आले. लढाईबद्दल फार बोलत नसत. बोलत ते जमिनीबद्दल. "गहू कापलेला, नुसते खुंट. आपला माळच जणू," असं म्हणायचे. आणि एक गोष्ट हमखास सांगायचे. एके रात्री मुक्कामाला खड्डे खणायचे होते. कुदळ मारली की टणकन वाजायची, खाली सगळा खडक. सोबत्यांना गुडघाभर खणायला रात्र पुरली नाही. तात्यांची जागा मात्र मऊ लागली. "लोण्यासारखी माती, भाऊ! तासाभरात छातीइतका खड्डा." सोबती चिडवायचे की तात्याला इटलीची भूमातासुद्धा पावली.

गावाचं नाव तात्यांना आठवत नव्हतं. म्हणून तो प्राचीन चरच होता असं मी म्हणणार नाही. एकदा गव्हातल्या रेघेवरून उडी मारून मी तोंडघशी पडलो आहे. पण ब्रॅडफर्डचे फोटो पहिल्यांदा पाहिले त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढं खरं. तात्या तेव्हा हयात नव्हते. असते तर फोटो पुढे ठेवून विचारलं असतं, तात्या, यातली कुठली?

सांग्रो नदीजवळच्या युद्ध दफनभूमीत एक वेगळं स्मारक आहे, ज्या भारतीय सैनिकांना अग्नी दिला त्यांचं. पाचशेहून जास्त नावं आहेत. कोणी इटलीला फिरायला गेलात तर तिथे जा. मी जाऊन आलो. आपली आडनावं वाचताना पाय हलत नाहीत.

असो. हे चर कशासाठी होते? माझ्यासारख्या फौजी माणसाचं उत्तर तयारच असतं, बचावासाठी. आम्हाला प्रत्येक चर खंदकच वाटतो. पण इथेही घाई नडते. इंग्लंडमधली साडेपाच-पावणेसहा हजार वर्षांपूर्वीची जी आवारं आहेत, त्यांचे चर सलग नाहीत. थोडा चर, मग न खणलेली जागा, पुन्हा चर. शत्रूला अडवायचं असेल तर इतक्या वाटा कोण ठेवेल? विंडमिल हिल इथल्या अशा चरांत गुरांची हाडं भरपूर निघाली. लोक ठरावीक काळाने जमत असावेत, जेवणावळी होत असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या जत्रेसारखं काहीतरी. पण म्हणून लढाई नव्हतीच असंही नाही. क्रिकली हिल इथे वाटेच्या आसपास गारगोटीचे चारशेहून जास्त बाणाग्र सापडले. तिथे हल्ला झाला होता. जर्मनीत गोझेकला तिसराच प्रकार. १९९१ साली ओटो ब्राश यांना विमानातून पिकात एक वर्तुळ दिसलं, पंचाहत्तर मीटर व्यासाचं, सुमारे ६९०० वर्षांपूर्वीचं. खणल्यावर कळलं की त्याची दोन दारं हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशीच्या सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या दिशेला आहेत. वरून सगळ्यांची आकृती जवळपास सारखीच, चर आणि आवार. अर्थ मात्र खाली उतरून, खणून, जपून लावावा लागतो. माझ्या सीओंचं वाक्य मला इथे दर वेळी आठवतं.

आता मुद्द्याची गोष्ट. या खुणा कायमच्या नाहीत. २०१८ साली आयर्लंडमध्ये कडक उन्हाळा पडला. न्यूग्रेंजच्या प्राचीन समाधीजवळ जुलैमध्ये दोघे हौशी अभ्यासक ड्रोन उडवत होते. त्यांना शेतात एक भलंमोठं वर्तुळ दिसलं, तोवर कुणाला माहीत नसलेलं. पाऊस आला आणि ते पुन्हा झाकलं गेलं. २०१३ मध्ये तर स्टोनहेंजलाच गंमत झाली. गवताला पाणी घालायची नळी एका बाजूला पोचत नव्हती. तिथलं गवत वाळलं आणि वाळलेल्या चट्ट्यांमुळे नाहीशा झालेल्या शिळांच्या जागा दिसल्या. जगातल्या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या जागेपैकी एक, आणि तिथली गोष्ट सांगितली आखूड नळीने!

पण ही गंमत ऐकताना एक विसरू नका. पिकात खूण दिसते याचा अर्थ ते शेत नांगरात आहे. दर वर्षी फाळ चराचा वरचा थर थोडा थोडा खरवडतो. ट्रॅक्टरने खोल नांगरट सुरू झाल्यापासून ते जास्तच. खांबाचा खड्डा उथळ असेल तर काही वर्षांत तो उरतच नाही. मग कितीही कोरडा उन्हाळा पडो, गव्हात काही उठत नाही. म्हणून १९४५ चा फोटो सोन्याच्या मोलाचा. आज त्या जागी इमारत असेल, रस्ता असेल, नांगराने सपाट झालेली माती असेल. फोटोत ते गाव अजून आहे.

आणि इथे मी आपल्याकडे येतो. आपल्याकडे हे का ऐकू येत नाही? काही कारणं मातीची आहेत. खोल काळी माती सगळीकडे सारखीच ओल धरते, पिकात फरक उमटायला जागाच देत नाही. कालव्याचं पाणी आलं की ताण जातो. पण माळरानं आहेत, मुरमाड रानं आहेत, हलक्या जमिनी आहेत. आणि प्राचीन वस्त्याही आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या गावाला बांध होता, पाण्याचा खोल चर होता. आपल्या गावोगावी लोक जिला पांढरी म्हणतात, ती राखाडी मातीची जुनी गावठाणाची जागा, तिच्याखाली काय काय असेल! आणि ती पांढरीची माती खत म्हणून ट्रॉल्या भरभरून शेतात जाते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याच गावची गेली. नेणाऱ्यांत आमचे घरचेही होते.

दुसरं कारण आम्ही, म्हणजे माझ्यासारखे लोक. आपल्याकडे हवाई फोटो ही कित्येक वर्षं गोपनीय वस्तू होती. मी तो नियम पाळला आहे, पाळायला लावला आहे, आणि त्याची मला लाज नाही. सीमेवर ज्याने काम केलं त्याला फोटोची किंमत कळते. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा, सीमेपासून शेकडो मैल दूरच्या एखाद्या माळाचा फोटो आज कुणाचं काय बिघडवणार? त्यात धरणाखाली गेलेली, नांगराखाली गेलेली, शहराखाली गेलेली जमीन आहे. २०२१ मध्ये सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीचे नियम बरेच सैल केले, त्याच वर्षी ड्रोनचे नवे नियम आले. दार किलकिलं झालं आहे. जुने फोटो जिथे जिथे पडून आहेत, तिथून ते तपासून अभ्यासकांच्या हाती जावेत, असं मी आता म्हणतो. ब्रिटनने युद्धातले आपले हवाई फोटो एडिंबराच्या संग्रहात लोकांसाठी खुले केले आहेत. विल्यम्स-हंट पुढे आशियात गेला आणि १९५० साली थायलंडमधल्या खंदकांनी वेढलेल्या जुन्या वस्त्यांवर त्याने हवाई फोटोंवरूनच लेख लिहिला. म्हणजे ही फक्त युरोपची विद्या नाही.

तुम्ही काय करू शकता? रानात एखादी जागा दर वर्षी वेगळी पिकत असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा तिथे काय होतं. तारीख घालून फोटो काढून ठेवा. ड्रोन असेल तर आधी नियम बघा, आणि सीमेजवळ, छावणीजवळ अजिबात नको, हे मी तुम्हाला हुकूम म्हणून सांगतो. आणि खणू नका. एकदा फावडं लागलं की ती जागा पुन्हा वाचता येत नाही. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा.

मागच्या वर्षी त्या पंजाबच्या शेतावर पुन्हा गेलो होतो. सरदारजी आता नाहीत, नातू शेती करतो. ट्यूबवेल आली आहे, गहू एकसारखा पिकतो. मी विचारलं, इथली लकीर? त्याने मान हलवली, त्याला ठाऊक नव्हती. मी बांधावरून मोजत गेलो आणि साधारण जागा त्याला दाखवली. त्याने मोबाइल काढून तिचा फोटो घेतला. नुसता हिरवा गहू होता, पण त्याने घेतला.

जय हिंद.